पेमेंट कंपन्यांचा दबाव आणि ऑनलाइन गेम स्टोअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ च्या उन्हाळ्यापासून गेम खेळणाऱ्यांमध्ये आणि बनवणाऱ्यांमध्ये एकच चर्चा पुन्हा पुन्हा होते आहे : कोणता गेम विकला जावा हे कार्ड कंपन्यांनी का ठरवावे? या चर्चेत संताप पुष्कळ आहे, पण पैशाचा व्यवहार कोणत्या वाटेने होतो आणि त्या वाटेवर कोणाच्या हाती किती अधिकार आहे याची माहिती त्या मानाने कमी आहे. म्हणून सतत विचारले जाणारे प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

जुलै २०२५ मध्ये नेमके काय घडले?

जुलैच्या मध्यास स्टीम या स्टोअरची मालक असलेल्या व्हॉल्व्ह कंपनीने प्रकाशकांसाठीच्या नियमावलीत एक नवे कलम घातले. स्टीमचे पेमेंट प्रोसेसर, त्यांच्याशी संबंधित कार्ड नेटवर्क व बँका, तसेच इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्या यांच्या नियमांचा भंग होऊ शकेल असा आशय, विशेषतः प्रौढांसाठीच्या आशयाचे काही प्रकार, स्टीमवर प्रकाशित करू नयेत, असे त्या कलमात म्हटले आहे. हे ‘काही प्रकार’ कोणते, ते मात्र त्यात सांगितलेले नाही. त्याच सुमारास रक्ताच्या नात्यातील लैंगिक संबंध हा विषय असलेले बरेच गेम्स स्टीमवरून नाहीसे झाले.

त्यानंतर आठवड्याभरातच स्वतंत्र निर्मात्यांचे आवडते स्टोअर असलेल्या इच.आयओने प्रौढांसाठीचे म्हणून नोंदवलेले सगळेच साहित्य आपल्या शोधयादीतून काढून टाकले. संस्थापक लीफ कोरकोरन यांनी २४ जुलैला निवेदन काढून सांगितले की, पेमेंट प्रोसेसरांच्या तपासणीमुळे हा निर्णय तातडीने घ्यावा लागला आणि निर्मात्यांना आगाऊ सूचना देता आली नाही. इच.आयओवर गेम्सबरोबर कॉमिक्स, पुस्तके, कागदावर खेळायच्या भूमिका-खेळांच्या पुस्तिका असे पुष्कळ काही विकले जाते. हा निर्णय एकेक कृती तपासून नव्हे, तर नोंदीवरून सरसकट झाल्याने त्या सगळ्याला त्याचा फटका बसला.

या सगळ्याची सुरुवात कोठून झाली?

‘नो मर्सी’ नावाच्या एका गेमपासून. बलात्कार आणि नात्यातील लैंगिक अत्याचार हाच त्याचा गाभा होता. तो स्टीमवर आल्यावर अनेक देशांतून निषेध झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये तो तेथून मागे घेतला गेला. काही काळ तो इच.आयओवरही होता आणि तेथेही एप्रिलमध्येच त्यावर बंदी आली. म्हणजे जुलैमध्ये जे घडले तेव्हा तो गेम दोन्ही ठिकाणी नव्हता, हे विसरता कामा नये.

ऑस्ट्रेलियातील कलेक्टिव्ह शाउट ही संघटना स्त्रिया व मुलींच्या लैंगिक वस्तूकरणाविरुद्ध काम करते. तिने या गेमविरुद्ध मोहीम चालवली होती. असे आणखी शेकडो गेम्स या स्टोअरवर असल्याचे सांगत तिने जुलैमध्ये खुले पत्र लिहिले. ते पत्र स्टोअरना उद्देशून नव्हते. ते पेपॅल, मास्टरकार्ड, व्हिसा, डिस्कव्हर, पेसेफ आणि जेसीबी या कंपन्यांच्या प्रमुखांना उद्देशून होते.

कार्डाने गेम विकत घेताना मध्ये कोण कोण असते?

आपण कार्डाचा क्रमांक टाकतो तेव्हा आपल्याला दोनच पक्ष दिसतात, आपण आणि दुकान. प्रत्यक्षात आपल्याला कार्ड देणारी बँक एका टोकाला असते आणि दुकानाच्या वतीने पैसे स्वीकारणारी बँक दुसऱ्या टोकाला असते. या दोन बँकांमध्ये निरोपांची आणि हिशेबाची देवाणघेवाण घडवणारे जाळे म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखे कार्ड नेटवर्क. दुकान आणि त्याची बँक यांच्यामध्ये बहुधा आणखी एक कंपनी असते. स्ट्राइप, पेपॅल यांसारख्या या कंपन्यांना पेमेंट प्रोसेसर म्हणतात.

कार्ड नेटवर्कचा करार दुकानाशी नसून बँकांशी असतो. दुकानाने नियम मोडला तर नेटवर्क दंड लावते तो दुकानाच्या बँकेला. बँक तो प्रोसेसरकडे आणि प्रोसेसर दुकानाकडे सरकवतो. दुकानाशी असलेला करार गंभीर कारणावरून रद्द झाला, तर त्याचे नाव मास्टरकार्डच्या ‘मॅच’ या यादीत जाऊ शकते. ही नोंद पाच वर्षे राहते आणि त्या काळात दुसरी बँक त्या दुकानाला दाराशी उभे करायला फारशी तयार होत नाही. त्यामुळे या साखळीतला प्रत्येक जण वरच्याच्या नियमाचा अर्थ, त्याने मुळात जितका कडक लावला असता त्याहून थोडा अधिक कडक लावतो. नियम एकच असला तरी खाली येईपर्यंत त्याची धार वाढलेली असते.

मास्टरकार्ड म्हणते, आम्ही एकही गेम काढायला सांगितला नाही. मग खरे कोण बोलते आहे?

हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर असे की दोन्ही बाजू खरे बोलत असतील. १ ऑगस्ट २०२५ रोजी मास्टरकार्डने जाहीर केले की तिने कोणत्याही गेमचे मूल्यमापन केलेले नाही, गेम स्टोअरवर कोणतेही निर्बंध घालायला सांगितलेले नाही आणि आपल्या नेटवर्कवर सर्व कायदेशीर खरेदीला मुभा आहे. त्यावर व्हॉल्व्हने दिलेले उत्तर वाचण्यासारखे आहे. मास्टरकार्डने आमच्याशी थेट संपर्क साधला नाही, आम्ही विनंती करूनही साधला नाही. ती प्रोसेसरांशी आणि त्यांच्या बँकांशी बोलली, आणि ते आमच्याशी बोलले, असे व्हॉल्व्हने म्हटले. कायदेशीर असेल ते विकायचे हे आपले २०१८ पासूनचे धोरण व्हॉल्व्हने त्यांना समजावून सांगितले, पण प्रोसेसरांनी ते अमान्य केले आणि मास्टरकार्डच्या नियमावलीतील ५.१२.७ या नियमाकडे व ब्रँडला पोहोचणाऱ्या धोक्याकडे बोट दाखवले.

म्हणजे नेटवर्क म्हणते, आम्ही आदेश दिला नाही. प्रोसेसर म्हणतो, नियम आमचा नाही. इच.आयओच्या बाबतीत स्ट्राइपनेही आपल्या बँकांच्या निर्बंधांकडेच निर्देश केला. स्टोअर म्हणते, आमच्यापुढे पर्याय नव्हता. गेम मात्र गेलेला असतो, आणि तो घालवणारा माणूस कोण, त्याने तो गेम पाहिला होता का, कोणत्या दृश्यावर त्याचा आक्षेप होता, हे निर्मात्याला कोणीही सांगू शकत नाही. माझ्या मते खरी तक्रार येथे आहे. एखादी कृती विक्रीस अयोग्य ठरवण्याचा अधिकार ज्याला वापरायचा आहे त्याने आपले नाव आणि कारण सांगितले पाहिजे. येथे अधिकार वापरला जातो, पण तो आपला आहे असे कोणीच म्हणत नाही.

५.१२.७ हा नियम काय सांगतो?

बेकायदेशीर व्यवहार, तसेच मास्टरकार्डच्या केवळ स्वतःच्या मतानुसार तिच्या प्रतिष्ठेला धक्का लावणारे व्यवहार, विक्रेत्याने आपल्या बँकेकडे आणि बँकेने नेटवर्ककडे पाठवू नयेत, असे तो सांगतो. त्याखाली उदाहरणे आहेत : उघडपणे किळसवाणी आणि गंभीर कलात्मक मूल्य नसलेली विक्रीवस्तू, जसे संमतीविना लैंगिक वर्तनाची, अल्पवयीनांच्या लैंगिक शोषणाची किंवा पशुसंभोगाची चित्रे, आणि याखेरीज कंपनीला अस्वीकार्य वाटेल असे अन्य काहीही.

उदाहरणांपैकी बहुतेकांवर सहसा कोणी वाद घालणार नाही. अडचण आहे ती ‘केवळ स्वतःच्या मतानुसार’ आणि ‘अन्य काहीही’ या दोन शब्दसमूहांत. ‘सर्व कायदेशीर खरेदीला मुभा आहे’ हे जाहीर विधान आणि हा नियम एकत्र वाचले की त्यांच्यातली फट लक्षात येते, कारण नियमात बेकायदेशीर आणि प्रतिष्ठेला बाधक हे दोन वेगवेगळे वर्ग आहेत. शिवाय ‘गंभीर कलात्मक मूल्य’ आहे की नाही हे ठरवायला न्यायालयात साक्षीपुरावे होतात, युक्तिवाद होतात. येथे तो निर्णय बँकेच्या जोखीम विभागात होतो आणि त्यावर अपील नाही.

स्टोअरनी सरळ नकार का दिला नाही?

कारण पणाला लागलेला असतो तो एखादा गेम नसून संपूर्ण दुकान. प्रोसेसरच्या दृष्टीने विक्रेता म्हणजे स्टीम किंवा इच.आयओ, त्यावरचा प्रत्येक निर्माता नव्हे. सेवा बंद झाली तर वादग्रस्त गेमबरोबर मुलांच्या कोड्यांचे गेम्सही विकता येत नाहीत आणि हजारो निर्मात्यांचे पैसे अडकतात. हा धोका काल्पनिक नाही. व्हॉल्व्हच्याच सांगण्यानुसार जुलै २०२५ च्या सुरुवातीला पेपॅलच्या एका बँकेने स्टीमशी संबंधित व्यवहार तत्काळ थांबवले, आणि युरो, डॉलर, पौंड, येन अशी मोजकी सहा चलने सोडून अन्य चलनांत पेपॅलने स्टीमवर खरेदी करणे बंद झाले.

इच.आयओ तर लहान चमूचे स्टोअर आहे. त्याने घाईत सरसकट निर्णय घेतला याचा राग येणे स्वाभाविक आहे आणि निर्मात्यांना कळवायला हवे होते हेही खरे; पण पैसे येण्याची वाट बंद होण्याच्या भीतीखाली असलेल्या लहान दुकानाकडून बाणेदारपणाची अपेक्षा करताना दबाव आणणारा सुटून जातो, याचे भान ठेवावे.

स्त्रियांवरील अत्याचाराचे गेम्स नकोत, असे म्हणणे चूक आहे का?

अजिबात नाही. बलात्काराला विजयाचे बक्षीस बनवणारा गेम पाहून कोणालाही घृणा वाटावी आणि त्याविरुद्ध बोलण्याचा, दुकानाला जाब विचारण्याचा, बहिष्काराची हाक देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. अशी मोहीम चालवणाऱ्या स्त्रियांना या वादात ज्या धमक्या आणि शिवीगाळ सहन करावी लागली, ती निंद्य आहे. ज्यांना गेम्सच्या स्वातंत्र्याची चाड आहे त्यांनी तर ती अधिक ठामपणे नाकारली पाहिजे.

आक्षेप मार्गाला आहे. दुकानाकडे तक्रार गेली की दुकान त्या गेमबद्दल निर्णय घेते आणि त्याचे उत्तरदायित्वही घेते. ‘नो मर्सी’च्या बाबतीत तसेच झाले आणि तो गेला. कायदा मोडला असेल तर पोलीस आणि न्यायालय आहे. कार्ड नेटवर्ककडे तक्रार गेली की निर्णय एका गेमपुरता राहत नाही, तो एका दुकानापुरताही राहत नाही, आणि अत्याचार साजरा करणारी कृती व अत्याचार सोसलेल्या व्यक्तीने आपला अनुभव मांडणारी कृती यांतला फरक करायला तेथे कोणी बसलेलेच नसते.

हे फक्त लैंगिक आशयापुरते आहे. इतरांनी काळजी का करावी?

पैशाची वाट अडवण्याचे हे साधन आजवर ज्यांच्यावर चालले त्यांची यादी फारच मिश्र आहे. डिसेंबर २०१० मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड आणि पेपॅल यांनी सरकारांची गोपनीय कागदपत्रे प्रसिद्ध करणाऱ्या विकीलीक्सला मिळणाऱ्या देणग्या थांबवल्या. तेथे लैंगिक आशयाचा प्रश्नच नव्हता. २०१२ च्या सुरुवातीला पेपॅलने स्मॅशवर्ड्स या ई-पुस्तकांच्या स्टोअरला काही विषयांच्या कादंबऱ्या काढायला सांगितले. त्या केवळ शब्दांत लिहिलेल्या कथा होत्या. लेखकांनी आणि नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या संघटनांनी आवाज उठवल्यावर पेपॅलने तेव्हा माघार घेतली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ओन्लीफॅन्स या वर्गणी घेऊन मुख्यतः प्रौढ आशय दाखवणाऱ्या संकेतस्थळाने बँकांचे कारण देऊन लैंगिक आशयावर बंदी जाहीर केली आणि काही दिवसांतच ती मागे घेतली. जपानमध्ये २०२४ साली डीएलसाइट या स्टोअरने कार्ड कंपन्यांच्या अपेक्षेनुसार आधी आपल्या वर्गवारीतील शब्द बदलले आणि तरीही अखेर तेथे व्हिसा व मास्टरकार्ड चालेनासे झाले. त्याच वर्षी जुनी, दुर्मीळ मंगा (जपानी कॉमिक्स) जतन करणाऱ्या मंगा लायब्ररी झेड या संकेतस्थळाने पैसे स्वीकारण्याची सोय उरली नाही म्हणून काम थांबवले.

या उदाहरणांत समलिंगी आणि पारलिंगी निर्मात्यांची भीतीही मिसळून पाहिली पाहिजे. त्यांच्या गेम्समध्ये शरीर, इच्छा, लाज हे विषय येतातच, आणि ‘प्रौढ’ असा शिक्का त्यांच्यावर इतरांपेक्षा लवकर बसतो. सरसकट गाळणीत ते आधी अडकतात.

पेमेंट कंपन्यांची बाजू काय आहे?

त्यांच्या काळजीला आधार आहे. डिसेंबर २०२० मध्ये पॉर्नहब या प्रौढ व्हिडिओंच्या संकेतस्थळावर अल्पवयीनांचे आणि संमतीविना टाकलेले व्हिडिओ असल्याचे वृत्त आल्यावर व्हिसा व मास्टरकार्डने तेथली सेवा बंद केली. पुढे पीडितेने केलेल्या दाव्यात व्हिसालाही प्रतिवादी केले गेले आणि जुलै २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायाधीशाने व्हिसाविरुद्धचा दावा त्या टप्प्यावर पूर्णपणे फेटाळण्यास नकार दिला. पैसे पोहोचवणाऱ्यालाही जबाबदार धरले जाऊ शकते, हा धडा सगळ्या उद्योगाने घेतला. दरम्यान मास्टरकार्डने प्रौढांच्या संकेतस्थळांसाठी ओळखपत्र आणि संमतीचे पुरावे मागणारे नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू केले.

ते नियम खऱ्या माणसांच्या चित्रीकरणासाठी होते आणि तेथे ते समजण्यासारखे आहेत, कारण कॅमेऱ्यासमोर जी व्यक्ती आहे तिचे प्रत्यक्ष नुकसान होते. रेखाटलेल्या किंवा लिहिलेल्या पात्राची संमती कशी तपासणार? खऱ्या पीडितेच्या संरक्षणासाठी तयार झालेली भीती कल्पित कथेवर जशीच्या तशी लावली गेली, ही माझ्या दृष्टीने या कंपन्यांची मोठी चूक आहे. प्रौढ आशयाच्या खरेदीत ग्राहक नंतर व्यवहार नाकारतात आणि परताव्याचे वाद वाढतात, हेही कारण सांगितले जाते. पण खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत देणाऱ्या स्टीमसारख्या स्टोअरला ते कितपत लागू पडते याबद्दल मला शंका आहे.

हे कायदेशीर आहे का?

बहुतेक ठिकाणी, होय. अमेरिकेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याची घटनात्मक हमी सरकारविरुद्ध आहे, खासगी कंपनीविरुद्ध नाही. सरकारी अधिकाऱ्याने कंपनीला धाक घातला तर चित्र बदलते. २०१५ मध्ये शिकागोच्या परिसरातील कुक काउंटीच्या शेरीफने पत्रे लिहून व्हिसा व मास्टरकार्डला बॅकपेज या जाहिरातींच्या संकेतस्थळाची सेवा बंद करायला लावले, तेव्हा संघीय अपील न्यायालयाने त्या शेरीफला मनाई केली. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही एनआरए (बंदूकधारकांची संघटना) विरुद्ध व्हुलो (न्यूयॉर्क राज्याच्या माजी अधिकारी) या खटल्यात एकमताने म्हटले की, न आवडणारे विचार दडपण्यासाठी अधिकाऱ्यांना तिसऱ्या पक्षावर जबरदस्ती करता येत नाही. पण दबाव आणणारी संघटना खासगी असेल आणि निर्णय घेणारी कंपनीही खासगी असेल, तर या निकालांचा आधार मिळत नाही.

करारभंगाचा मार्ग मात्र एकदा यशस्वी झाला आहे. विकीलीक्सच्या देणग्या स्वीकारणाऱ्या डेटासेल कंपनीने आइसलँडमध्ये वॅलिटॉर या व्हिसाच्या भागीदार कंपनीवर दावा केला आणि एप्रिल २०१३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पंधरा दिवसांत सेवा सुरू करा, नाहीतर दररोज आठ लाख क्रोना भरा, असा आदेश दिला.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी बँकांनी कायदेशीर व्यवसायांना सेवा नाकारू नये यासाठी आदेश काढला. त्याचा रोख बँकांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थांकडे आहे. तो कार्ड नेटवर्कच्या नियमपुस्तिकेला थेट हात घालत नाही. त्यामुळे गेम स्टोअरचा प्रश्न त्याने सुटला असे समजू नये.

क्रिप्टो चलन किंवा दुसरा प्रोसेसर वापरला तर?

स्टीमने २०१६ मध्ये बिटकॉइन स्वीकारायला सुरुवात केली आणि वाढते शुल्क व किमतीतील चढउतार यांना कंटाळून २०१७ च्या अखेरीस ते बंद केले. प्रौढ आशयासाठी खास प्रोसेसर आहेत, पण ते शुल्क जास्त घेतात आणि अखेर त्यांनाही त्याच नेटवर्कवरून जावे लागते. नेटवर्क बदलल्याशिवाय प्रोसेसर बदलून फारसे काही साधत नाही. ब्राझीलच्या केंद्रीय बँकेने २०२० मध्ये सुरू केलेल्या पिक्ससारख्या व्यवस्थेत पैसे खात्यातून खात्यात जातात आणि कार्ड नेटवर्क मध्ये येत नाही; दीर्घ पल्ल्याचा विचार केला तर मला ही दिशा अधिक आश्वासक वाटते. अर्थात सार्वजनिक व्यवस्थेवर सरकारची इच्छा चालते, हा धोका तेथेही आहेच.

खेळाडूंनी केलेल्या मोहिमेचा काही उपयोग झाला का?

झाला, पण मर्यादित. लोकांनी कार्ड कंपन्यांच्या दूरध्वनी सेवेवर तक्रारींचा मारा केला आणि एका ऑनलाइन अर्जावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या. मास्टरकार्डला जाहीर खुलासा करावा लागला, तो याच रेट्यामुळे. जीओजी या स्टोअरने ऑगस्टच्या आरंभी तेरा वादग्रस्त गेम्स थोड्या काळासाठी मोफत वाटून निषेध नोंदवला. इच.आयओने जुलैच्या अखेरीस मोफत उपलब्ध असलेले प्रौढ साहित्य पुन्हा शोधयादीत आणले. जेथे पैशाचा व्यवहार होतो तेथे मात्र प्रश्न उरला, आणि नवे प्रोसेसर शोधत असल्याचे त्यांनी सांगितले. स्टीमचे नवे कलम तसेच राहिले.

तक्रार करायची असेल तर ती सभ्य, नेमकी आणि लेखी असावी. दूरध्वनीवर बोलणाऱ्या कर्मचाऱ्याने हा नियम केलेला नसतो. कोणता कायदेशीर व्यवहार नाकारला गेला, कोणत्या नियमाखाली, आणि त्याविरुद्ध दाद कोठे मागायची, असे विचारावे. आपल्या कार्डाच्या बँकेलाही लिहावे, कारण नेटवर्कचे करारबद्ध ग्राहक बँकाच आहेत.

नेमकी मागणी काय असावी?

सगळे गेम्स सगळीकडे विकले जावेत, ही मागणी मी करणार नाही; दुकानाला आपला माल निवडण्याचा हक्क आहे. कायद्याने वैध असलेल्या वस्तूला पैशाची वाट नाकारायची असेल तर कारण लेखी मिळावे, ते विशिष्ट कृतीबद्दल असावे, दुरुस्तीसाठी मुदत मिळावी आणि निर्णयाविरुद्ध अपील करता यावे. आणि ‘प्रतिष्ठेला धक्का’ हे कारण कल्पित साहित्याच्या बाबतीत नियमातून वगळले जावे. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्यावाचून ऑनलाइन व्यापार करणे जगातील मोठ्या भागात जवळपास अशक्य आहे. ज्याच्यावाचून व्यवहारच होत नाही त्याच्यावर वीज किंवा टपाल खात्यासारखे समान वागणुकीचे बंधन असावे, हे म्हणणे टोकाचे नाही.

निर्मात्याने स्वतःपुरती कोणती काळजी घ्यावी?

एकाच स्टोअरवर अवलंबून राहू नये आणि खेळाडूंशी थेट संपर्काचे साधन, निदान ईमेलची यादी, आपल्याकडे असावे. गेमच्या पानावरील आशयाची माहिती खरी आणि पूर्ण लिहावी. शिक्का बसेल या भीतीने ती लपवल्यास दुकानाला काढून टाकण्याचे रास्त कारण मिळते. स्टोअरकडून आलेला प्रत्येक निरोप जपून ठेवावा आणि कोणत्या दृश्यावर आक्षेप आहे हे लेखी विचारावे, उत्तर येणार नाही असे वाटले तरी विचारावे.

मी आधीच विकत घेतलेल्या गेमचे काय होईल?

स्टीमवर गेमची विक्री थांबली तरी ज्यांनी तो घेतला आहे त्यांच्या संग्रहात तो सहसा राहतो. इच.आयओवर शोधयादीतून काढलेले पान थेट दुव्यावरून उघडू शकते, पण पानच हटवले गेले तर तशी खात्री देता येत नाही. तेथे घेतलेल्या बहुतेक गेम्सच्या फाइल्स आपल्या संगणकावर उतरवून ठेवता येतात; ज्यांना त्या हव्या आहेत त्यांनी त्या आताच उतरवून ठेवाव्यात.